दृश्य समाजमाध्यमांवरील शोधशब्द संशोधन

दृश्य समाजमाध्यमांवरील शोधशब्द संशोधन म्हणजे पिंटरेस्ट, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या चित्रप्रधान माध्यमांवर वापरकर्ते कोणते शब्द लिहून शोध घेतात हे तपासण्याची व त्या शब्दांची आपल्या चित्राच्या किंवा चित्रफितीच्या मजकुरात योजना करण्याची पद्धत होय. शोधशब्दांना व्यवहारात ‘कीवर्ड’ असेही म्हणतात. ही पद्धत शोधयंत्र अनुकूलनाचा एक भाग मानली जाते. जाहिरातीवर खर्च करू न शकणारे कारागीर, छायाचित्रकार, शिक्षक व लघुउद्योजक यांच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

संगणकीय शोध दीर्घकाळ प्रामुख्याने मजकुरावर आधारलेला होता. चित्रात काय आहे हे यंत्रणेला त्याच्या शीर्षकावरून, वर्णनावरून किंवा भोवतालच्या मजकुरावरून समजत असे. समाजमाध्यमांवर हे काम हॅशटॅगनेही केले. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विषयवार गट करण्यासाठी # हे चिन्ह वापरण्याची सूचना केली. ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेल्या इन्स्टाग्रामने जानेवारी २०११ मध्ये हॅशटॅगची सोय स्वीकारली. पुढे प्रतिमा ओळखण्याचे तंत्रज्ञान विकसित झाले, तरी शोधणाऱ्याचा हेतू शब्दांतूनच व्यक्त होत असल्याने शोधशब्दांचे महत्त्व टिकून राहिले.

पिंटरेस्ट

२०१० मध्ये सुरू झालेल्या पिंटरेस्टवर वापरकर्ते ‘पिन’ म्हणजे चित्रे जमवून ती ‘बोर्ड’ या विषयवार फलकांवर लावतात. येथे अनेकजण ओळखीच्या व्यक्तींना भेटण्यापेक्षा कल्पना शोधण्यासाठी येतात. त्यामुळे अनुयायी थोडे असलेल्या खात्याचे चित्रही योग्य शब्दांमुळे सापडू शकते. एप्रिल २०१४ मध्ये या माध्यमाने मार्गदर्शित शोधाची सोय आणली. तिच्यात एक शब्द लिहिल्यावर तो अधिक नेमका करणारे पुढील शब्द सुचवले जातात. २०१५ मध्ये चित्रातील एखादा भाग निवडून त्यासारखी चित्रे शोधण्याची आणि २०१७ मध्ये ‘लेन्स’द्वारे कॅमेऱ्याने शोध घेण्याची सोय झाली.

पिनचा अर्थ ती कोणत्या फलकांवर लावली गेली आहे यावरूनही लावता येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पिनसेज’ ही शिफारस प्रणाली पिन व फलक यांच्यातील अशा संबंधांचा उपयोग करते. म्हणून फलकाला ‘आवडते’ असे मोघम नाव देण्यापेक्षा ‘पैठणी ब्लाउज नक्षी’ असे नेमके नाव देणे अधिक उपयुक्त ठरते.

इन्स्टाग्राम

नोव्हेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामने अमेरिका, ब्रिटनसह सहा देशांत इंग्रजीतून साध्या शब्दांनी शोध घेण्याची सोय केली. त्यापूर्वी शोध मुख्यतः खात्याचे नाव, हॅशटॅग व स्थळ यांपुरता मर्यादित होता. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने आपल्या शोधप्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यानुसार शोधात लिहिलेला मजकूर, शोधणाऱ्याची पूर्वीची कृती आणि निकालाची लोकप्रियता यांवर क्रम ठरतो. खात्याच्या नावात व परिचयात विषयाशी संबंधित शब्द असावेत, तसेच शोधशब्द व हॅशटॅग प्रतिक्रियेत न लिहिता चित्राच्या मथळ्यात लिहावेत, असेही त्यात सुचवले होते.

कार्यपद्धती

प्रथम विषयाचा मूळ शब्द निश्चित केला जातो. तो माध्यमाच्या शोधचौकटीत लिहिल्यावर येणाऱ्या सूचना टिपून ठेवतात. मूळ शब्द व्यापक असल्यास स्पर्धा मोठी असते. ‘रांगोळी’पेक्षा ‘ठिपक्यांची सोपी रांगोळी’ हा शोध कमी लोक घेत असले, तरी त्यांना काय हवे आहे हे अधिक स्पष्ट असते. अशा शब्दसमूहांना दीर्घ शोधशब्द म्हणतात.

त्यानंतर मागणीचा हंगाम पाहिला जातो. पिंटरेस्टने यासाठी २०१९ मध्ये ‘ट्रेंड्स’ हे साधन सुरू केले. गूगल ट्रेंड्सवर प्रतिमा शोध व यूट्यूब शोध यांचा कल स्वतंत्रपणे पाहता येतो. मात्र तेथील ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, प्रत्यक्ष शोधसंख्या दाखवत नाहीत. निवडलेले शब्द शीर्षक, वर्णन व फलकाचे नाव यांत स्वाभाविक वाक्यरचनेत योजले जातात. काही काळाने कोणत्या चित्रांना किती प्रतिसाद मिळाला हे पाहून यादी सुधारली जाते.

मराठी शोधशब्द

मराठीत एकाच गोष्टीचा शोध अनेक रूपांनी घेतला जातो. ‘मेंदी’ व ‘मेहंदी’, ‘नऊवारी’ व ‘नववारी’ ही रूपे शेजारी नांदतात. शिवाय अनेकजण मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात. ‘ॲ’ हे अक्षर एका संकेतांकाने किंवा ‘अ’ला चंद्र जोडून, असे दोन प्रकारे टंकित होते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली, तरी यंत्रणेने त्यांचे एकीकरण केले नसल्यास ती भिन्न ठरतात. त्यामुळे मराठी आशयासाठी प्रमाण रूपासोबत प्रचलित रूपांचाही विचार करावा लागतो.

मर्यादा आणि टीका

असंबद्ध लोकप्रिय शब्दांची भरताड केल्याने शोधणाऱ्याची दिशाभूल होते. पर्यायी मजकूर हा दृष्टिहीन वापरकर्त्यांना पडदावाचक प्रणालीद्वारे चित्राचे वर्णन ऐकता यावे यासाठी असतो. इन्स्टाग्रामवर ही सोय २०१८ मध्ये आली. तेथे वर्णनाऐवजी शोधशब्दांची यादी भरल्यास ज्यांच्यासाठी ही सोय आहे त्यांनाच चित्राचा बोध होत नाही.

शोधशब्द हानिकारक आशयापर्यंतही नेऊ शकतात. २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने अतिकृशतेचा व आहारविकृतीचा पुरस्कार करणाऱ्या काही हॅशटॅगवर निर्बंध घातले. परंतु वापरकर्त्यांनी शब्दांची वर्णरचना बदलून ते चुकवल्याचे पुढे अभ्यासकांना आढळले. लसीकरणाविषयीच्या अपप्रचारामुळे पिंटरेस्टने लसविषयक शोधाचे निकाल दाखवणेच थांबवल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. अशा उपायाने अपप्रचाराबरोबर योग्य माहितीही दृष्टिआड होते. त्यामुळे पुढे त्या माध्यमाने आरोग्यसंस्थांची माहिती दाखवण्याचा मार्ग स्वीकारला.

हेही पाहा

शोधयंत्र अनुकूलन
हॅशटॅग
पिंटरेस्ट
इन्स्टाग्राम