प्रमाणपत्रावरचं माकड

परांडा तालुक्यातलं सोनारी हे माझं गाव. काळभैरवनाथाचं गाव म्हणून त्याची ओळख आहे, आणि तितकीच माकडांचं गाव म्हणूनही. नारळ-प्रसाद घेऊन देवळाकडे निघालेल्या नवख्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो पिशवी सांभाळण्याचा. आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावावर आहे. २०२२ मध्ये ही बातमी देशभर गाजली. थोडक्यात, आमच्याकडे माकड हा गावकरी आहे. उपद्रवी, चोरटा, पण गावकरीच.

हाच प्राणी काही दशकं भारताचा निर्यातीचा माल होता. पेट्यांत भरून, विमानात चढवून, नगांवर मोजून तो परदेशी जात होता. आणि जैविक माल बाहेर पाठवताना सरकारने कशावर नजर ठेवायची, हा आज फार तांत्रिक वाटणारा प्रश्न स्वतंत्र भारतापुढे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो माकडांमुळेच.

मी या विषयाकडे वळलो तो एका कंटाळवाण्या फॉर्ममुळे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. परदेशी ग्राहकाला काही गोष्टी देण्याआधी आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'अंतिम वापरकर्ता कोण' आणि 'अंतिम वापर कशासाठी' असे दोन रकाने असतात. बहुतेक जण मागच्या वेळचं उत्तर चिकटवून पुढे जातात. या रकान्यांना इतकं महत्त्व का, हे शोधता शोधता मी १९५५ सालात जाऊन पोचलो.

प्रयोगशाळांना हवं होतं ते ऱ्हीसस माकड. रक्तगटामागे 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' लावताना आपण ज्या 'आर-एच' घटकाचा उल्लेख करतो, त्याचं नाव याच्यावरूनच पडलं आहे. ढोबळमानाने गोदावरीच्या उत्तरेला ऱ्हीसस आणि दक्षिणेला डोक्यावर केसांची टोपी असलेलं बॉनेट माकड, अशी विभागणी अभ्यासक सांगतात. अलीकडे ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकू लागला आहे, हा भाग वेगळा. निर्यात झाली ती मुख्यतः उत्तर प्रदेश आणि आसपासच्या ऱ्हीससची. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतातून नेलेली चारशेच्या आसपास माकडं पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

पण खरी मागणी वाढली ती पोलिओमुळे. पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींमध्येही वाढवता येतो, हे १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९५४ चं नोबेल मिळालं. जोनास साल्कने हा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला, फॉर्मॅलिनने निष्प्रभ केला आणि लस बनवली. लस बनवायला माकड लागत होतं आणि ती सुरक्षित आहे का हे तपासायलाही माकडच लागत होतं. १९५४ च्या चाचणीत सुमारे १८ लाख अमेरिकी मुलं सहभागी झाली. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून वर्षाला लाखावर माकडं बाहेर जात होती. पकडणाऱ्यांची पसंती लहान माकडांना असे. त्यामुळे चार्ल्स साउथविक आणि अलीगढच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९-६० मध्ये उत्तर प्रदेशात पाहणी केली, तेव्हा अनेक कळपांत वाढत्या वयाची पिल्लंच फार कमी दिसली.

या व्यवहाराला सरसकट वाईट म्हणता येत नाही. लुळा पडलेला पाय ओढत चालणारी माणसं आमच्या आधीच्या पिढीत गावोगाव होती. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या लांबलचक रस्त्याच्या सुरुवातीला ऱ्हीससची मूत्रपिंडं आहेत. माझ्या पिढीतली मुलं ज्या निश्चिंतीने वाढली, तिची किंमत कुणीतरी मोजलेली आहे.

१९५५ च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर वाटेत थांबलेली जवळपास चारशे भारतीय माकडं गुदमरून मेली. इथे संताप उसळला. मार्चमध्ये भारत सरकारने निर्यात थांबवली. वेळ अशी होती की पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, साल्कची लस यशस्वी झाल्याची घोषणा व्हायची होती. अमेरिकेत धावपळ झाली. पोलिओविरोधी मोहिमेचे प्रमुख बेझिल ओ'कॉनर यांच्या पुढाकाराने बोलणी झाली आणि काही आठवड्यांत अटींसह निर्यात पुन्हा सुरू झाली. माकडांना नीट वागवायचं, ही एक अट होती. दुसरी आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: ही माकडं फक्त वैद्यकीय संशोधनासाठी किंवा पोलिओची लस बनवण्यासाठीच वापरली जातील, असं प्रमाणपत्र अमेरिकेच्या बाजूने द्यायचं.

या अटीत एक नवी कल्पना होती. तोवर निर्यातीवरची देखरेख म्हणजे माल काय, किती आणि जकात किती. आता भारत सरकार विचारत होतं, की माल तुमच्या ताब्यात गेल्यावर तुम्ही त्याचं काय करणार? एकच वस्तू चांगल्या कामालाही येते आणि घातक कामालाही, तेव्हा वस्तू तपासून काहीच कळत नाही. तपासावा लागतो तो हेतू. आज याला 'दुहेरी वापर' म्हणतात.

जिवंत मालाची आणखी एक अडचण आहे. आपण नेमकं काय पाठवतोय, हे पाठवणाऱ्यालाही पूर्ण ठाऊक नसतं. १९६० मध्ये ऱ्हीससच्या मूत्रपिंडांच्या पेशींत 'एसव्ही-४०' नावाचा तोवर अज्ञात विषाणू सापडला. तोपर्यंत तो लशीबरोबर लाखो लोकांच्या शरीरात गेला होता. १९६७ मध्ये युगांडाहून आलेल्या आफ्रिकन माकडांमुळे मारबर्ग, फ्रँकफर्ट आणि बेलग्रेड इथे ३१ जणांना एका नव्या रोगाची लागण झाली आणि ७ जण दगावले. प्रमाणपत्रावर माकड लिहिलेलं असतं, माकडाच्या आत काय आहे ते लिहिलेलं नसतं.

वीसेक वर्षं प्रमाणपत्रं येत राहिली. भारताने हळूहळू कोटा कमी केला. शेवटी शेवटी तो वर्षाला २०,००० च्या आसपास होता. मग १९७७ मध्ये अमेरिकेत न्यूट्रॉन बॉम्बवरून वाद पेटला आणि त्यातच एक माहिती पुढे आली. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे सैन्याची किरणोत्सर्ग-संशोधन संस्था आहे. तिथे ऱ्हीसस माकडांना विजेच्या झटक्यांच्या धाकाने फिरत्या चाकावर धावायला शिकवत. मग त्यांना अणुभट्टीतल्या किरणोत्सर्गाचा मोठा डोस देऊन पुन्हा चाकावर ठेवत आणि ती किती वेळात कोसळतात, किती वेळ धावू शकतात, याची नोंद करत. रणांगणावर मारा झाल्यावर सैनिक किती वेळ लढू शकेल, हे त्यातून ताडायचं होतं. शर्ली मॅकग्रील यांच्या 'इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग' या छोट्या संघटनेने हा विषय भारतापर्यंत पोचवला.

डिसेंबर १९७७ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने बंदी जाहीर केली आणि १ एप्रिल १९७८ पासून भारतीय माकडांची निर्यात थांबली. कारण एकच नव्हतं. मोरारजींची प्राण्यांविषयीची मतं सर्वांना माहीत होती, माकडांची घटती संख्या होती, हनुमानाच्या देशातली लोकभावना होती. पण कराराचा भंग झाला, हा मुद्दा त्या निर्णयाशी कायमचा जोडला गेला.

मला यातली खरी मेख दिसते ती 'वैद्यकीय' या शब्दात. किरणोत्सर्गाने शरीराचं काय होतं, हा प्रश्न वैद्यकीय नाही असं कोण म्हणेल? तोच अभ्यास कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्याही कामाचा आणि बॉम्ब टाकणाऱ्या सेनापतीच्याही. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याला खोटं बोलायची गरजच पडली नसेल. शब्दच इतका ऐसपैस होता, की त्यात दोघंही मावत होते. दुसरी मेख अशी, की माल पोचल्यावर भारताच्या वतीने तिथे जाऊन पाहणारं कुणी नव्हतं. प्रमाणपत्र घ्यायचं आणि फाइलला लावायचं, इथे देखरेख संपत होती.

महाराष्ट्रात याच प्रश्नाची दुसरी बाजू उलगडत होती. १९५२ मध्ये पुण्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. तीच आजची एनआयव्ही, कोविडमुळे घरोघरी पोचलेली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं आजारी पडू लागली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी गोचिडांमधून पसरणारा एक नवा विषाणू वेगळा केला. तो निघाला रशियातल्या एका विषाणूचा नातलग. मग प्रश्न आला, की हा इथे पोचला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांमधून तर नव्हे?

हे शोधायला पक्ष्यांना कडी घालण्याचं काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हाती घेतलं. साठच्या दशकात त्यासाठी काही पैसा अमेरिकी सैन्याच्या एका पक्षी-संशोधन प्रकल्पातून आला. पुढे वर्तमानपत्रांनी विचारलं, की पक्षी कुठून कुठे रोग नेऊ शकतात, याचा नकाशा अमेरिकी सैन्याला कशाला हवा? दिल्लीत डासांवर चाललेल्या एका परदेशी मदतीच्या प्रकल्पावरही असेच प्रश्न उठले. १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने या सगळ्यावर कडक अहवाल दिला. जैविक युद्धाचा कट सिद्ध झाला नाही. पण अशा सहकार्यातून आपल्याला काय मिळतं आणि बाहेर काय जातं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे उघडं पडलं. इथे माकडाएवढी दिसणारी वस्तूही नव्हती. बाहेर जात होती ती माहिती, आणि ती विमानतळावर पेटीत अडवता येत नाही.

आज हा हिशेब ठेवण्यासाठी भारतात एक यादी आहे, 'स्कोमेट'. स्पेशल केमिकल्स, ऑर्गनिझम्स, मटेरियल्स, इक्विपमेंट अँड टेक्नॉलॉजीज, असं तिचं पूर्ण नाव. विदेश व्यापार महासंचालनालय ती चालवतं. तिच्यातला एक विभाग जंतू आणि विषद्रव्यांचा आहे. क्यासनूरचा विषाणू त्यात आहे. प्लेगचा जंतूही आहे. १९९४ मध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ज्याची साथ आली होती, तोच. एरंडीच्या बीमधलं रायसिन हे विषही नियंत्रित यादीत आहे, आणि भारत हा एरंडेलाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. यातलं काही बाहेर पाठवायचं तर परवाना लागतो, वेगवेगळ्या मंत्रालयांचे प्रतिनिधी अर्ज पाहतात, अंतिम वापराचं प्रमाणपत्र मागतात, आणि गरज वाटल्यास जागेवर जाऊन तपासण्याची अट घालता येते. २००५ च्या सामूहिक संहारक शस्त्रांविषयीच्या कायद्याने याला फौजदारी धार दिली. जानेवारी २०१८ मध्ये भारत 'ऑस्ट्रेलिया ग्रुप'मध्ये सामील झाला. रासायनिक आणि जैविक शस्त्रांना उपयोगी पडेल अशा मालावर निर्यातीच्या टप्प्यालाच लक्ष ठेवणाऱ्या देशांचा हा गट आहे.

१९५५ च्या तुलनेत ही व्यवस्था कितीतरी शहाणी आहे. यादीच्या नावातच 'टेक्नॉलॉजी' आहे, म्हणजे केवळ कुपी नव्हे, ती वाढवण्याचं ज्ञानही निर्यात म्हणून मोजलं जातं. पण माझ्या धंद्याच्या अनुभवातून एक शंका राहते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही वापरकर्त्याने भरलेल्या कुठल्याच रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तो पडताळणारा कोड वेगळा लिहितो. पडताळणी नसलेला रकाना ही फक्त सजावट असते. आणि आता एखाद्या विषाणूचा जनुकीय क्रम हा मजकुराच्या फाइलसारखा मेलने जाऊ शकतो. तिथे सीमाशुल्काच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने काय पकडायचं?

याचा अर्थ सगळं बंद करावं असा नाही. १९७८ च्या बंदीनंतर अमेरिकेने स्वतःच्या देशात माकडांची पैदास वाढवली आणि लशीही बनत राहिल्या. मात्र प्रत्येक बाबतीत असा पर्याय नसतो. नवी साथ आली तर पुण्याचे नमुने बाहेर जायला हवेत आणि बाहेरचे पुण्यात यायला हवेत. दार पूर्ण लावून घेतलं तर आधी आपलीच माणसं मरतील.

शेवटी लक्षात राहते ती ही गोष्ट, की बेथेस्डातला प्रकार कुठल्या सरकारी तपासनिसाने शोधला नाही. त्या प्रयोगांची माहिती काही थोड्या लोकांनी चिकाटीने मिळवली, वाचली आणि तिच्यातला शब्द भारताच्या प्रमाणपत्रावरच्या शब्दाशी ताडून पाहिला. परवान्याची फाइल बंद झाल्यावर मालाचं काय झालं, हे शोधायला असं वाचणारी माणसं लागतात, आणि वाचता येईल असं काही उघडं ठेवलेलं असावं लागतं. यादीत नवा जंतू घालणं त्यामानाने सोपं आहे.