नवी खोली, जुनी ट्रंक

२०२५ च्या फेब्रुवारीतली शनिवारची रात्र. जेवणं आटोपली होती, घरी सगळे झोपलेले, आणि मला 'चला, जरा अपग्रेड मारून टाकू' अशी सुरसुरी आली. ज्यांनी कधी घरी सर्व्हर चालवलाय त्यांना ही सुरसुरी माहीत असेल :-)

घरच्या एका जुन्या लॅपटॉपवर मी फोटोंचं एक वेब ॲप चालवतो. बाबा गेल्यावर त्यांचे सगळे फोटो त्यात टाकले आणि आईने महिनाभर बसून एकेका फोटोखाली लिहून काढलं: कोण, कुणाच्या लग्नात, कुठल्या साली. ॲप एका कंटेनरमध्ये, डेटाबेस दुसऱ्यात. दोन कमांड दिल्या, नव्या इमेज उतरल्या, ॲप उठलं.. आणि डेटाबेस पडला. परत उठवला, परत पडला. लॉगचा मथितार्थ एवढाच: ही डेटा डिरेक्टरी पोस्टग्रेस १५ ने बनवलेली, मी १७, आपलं जमायचं नाही.

फोटो साध्या फाइली म्हणून शाबूत होते. पण आईने लिहिलेली नावं डेटाबेसात, आणि शेवटचा बॅकअप ती नावं लिहायच्या आधीचा!

कंटेनरमुळे अपग्रेड सोपं झालं म्हणतात, ते नेमकं काय सोपं झालं? जरा मागे जाऊन बघू.

२००५-०६ च्या सुमारास ज्यांनी स्वतःचा ब्लॉग स्वतःच्या जागेवर चालवला त्यांना आठवत असेल. नवी आवृत्ती आली की झिप उतरवायची, एफटीपीने जुन्या फाइलींवर नव्या चढवायच्या, कॉन्फिगची फाइल तेवढी चुकूनही पुसायची नाही, मग ब्राउझरमधून अपग्रेडचं पान उघडून देवाचं नाव घ्यायचं. वर्डप्रेसमध्ये एका क्लिकवर अपग्रेड आलं ते २.७ मध्ये, डिसेंबर २००८ ला. पण क्लिक एक असो की शंभर, खरी भानगड वेगळीच होती. प्रोग्रॅम, सेटिंग्ज, अपलोड केलेले फोटो, सगळं एकाच ढिगात. टाकायचं काय आणि राखायचं काय, हे फक्त तुमच्या डोक्यात.

गंमत अशी की कंटेनरचे पूर्वज हा प्रश्न सोडवायला आलेच नव्हते. १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मध्ये सीएचरूट आलं. त्याने एखाद्या प्रोग्रॅमला 'हीच डिरेक्टरी म्हणजे तुझं सगळं जग' असं पटवता येई. २००० साली फ्रीबीएसडी ४.० ने 'जेल' आणले. २००६ मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी प्रोसेसच्या गटांना सीपीयू आणि मेमरीची मर्यादा घालणारं काम सुरू केलं. तेच पुढे सी-ग्रुप्स नावाने जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये दाखल झालं. हे सगळं भिंती घालण्याचं काम: याने त्याच्या खोलीत डोकावू नये, त्याने याचं जेवण खाऊ नये.

अपग्रेडचा विचार वेगळ्या वाटेने आला. मार्टिन फाउलरने २०१२ मध्ये 'फिनिक्स सर्व्हर'ची कल्पना मांडली. सर्व्हरला ठिगळं लावत बसू नका, अधूनमधून जाळून टाका आणि राखेतून नवा उभा करा. मार्च २०१३ मध्ये डॉटक्लाउड कंपनीच्या सॉलोमन हाइक्सने पायकॉनमध्ये पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं, आणि या दोन वाटा हळूहळू एकत्र आल्या. भिंती जुन्याच होत्या. नवी होती ती इमेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका गठ्ठ्यात, थरांवर थर, आणि तो गठ्ठा एकदा बांधला की न बदलणारा. आता अपग्रेड म्हणजे दुरुस्ती नव्हे. जुनी खोली पाडायची, तिथेच नवी उभी करायची. काही सेकंदांचं काम.

पण खोली पाडताना आतली ट्रंक बाहेर काढून ठेवायला हवी ना? ती ट्रंक म्हणजे व्हॉल्यूम, कंटेनरच्या बाहेर राहणारा डेटा. त्यासाठी डॉकरमध्ये वेगळी कमांड आली ती १.९ मध्ये, नोव्हेंबर २०१५ ला. टाकायचं काय आणि राखायचं काय, हे आता डोक्यात न राहता फाइलीत लिहिलं जाऊ लागलं. माझ्या मते कंटेनरची खरी कमाई ही आहे.

आणि माझी ठेच लागली ती नेमकी इथेच. खोली नवी झाली, ट्रंक जुनीच राहिली, आणि नव्या खोलीतल्या माणसाला जुनं कुलूप उघडता येत नाही. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की डेटा ठेवायची आतली रचना बदलू शकते. २०१० च्या ९.० पासून सोबत पीजी-अपग्रेड नावाचं हत्यार येतं, पण त्याला जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी लागतात. आणि कंटेनरचा तर नेमच असा की खोलीत माणूस एकच! सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टग्रेस १८ आलं तेव्हा त्याच्या डॉकर इमेजमध्ये डेटाची जागाही आवृत्तीच्या आकड्याप्रमाणे वेगळी केली गेली, म्हणजे जुनं-नवं एकाच व्हॉल्यूममध्ये शेजारी राहू शकेल. भिंत कुठे घालायची हे अजून ठरतंच आहे तर.

असो. चूक माझीच होती. आवृत्तीच्या जागी मी 'लेटेस्ट' लिहून मोकळा झालो होतो, त्यामुळे आधी काय चालू होतं तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. सुदैवाने डेटा डिरेक्टरीत पीजी-व्हर्जन नावाची एक छोटीशी फाइल असते. तिच्यात एकच आकडा होता: १५. मग १५ ची इमेज उतरवली, फक्त डेटाबेस उठवला, सगळा डेटा मजकुराच्या रूपात बाहेर काढला, रिकाम्या डिरेक्टरीवर १७ उठवून त्यात परत भरला. पहाटेचे साडेतीन वाजले.

आता फाइलीत नेमके आकडे लिहिलेत, आणि रोज रात्री डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. इमेज एका ओळीत मागे नेता येते. आईने लिहिलेली नावं मागे नेणारी कमांड अजून कुणी लिहिलेली नाही.

सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "अरे, रात्री तो फोटोंचा प्रकार उघडत नव्हता."

म्हटलं, "हो, जरा साफसफाई काढली होती."