संगणक म्हातारा कधी होतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी जोगेश्वरीतल्या काय किंवा जव्हारमधल्या काय, कुठल्याही शाळेतला लॅपटॉप या कारणाने बंद पडला नाही. आदल्या दिवशी तो जेवढा वेगाने चालत होता, तेवढाच दुसऱ्या दिवशीही चालला. तरीही संगणक-कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहिला. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेल्या यंत्रांना विंडोज ११ पेलवेल का? आणि पेलवणार नसेल, तर चालू स्थितीतली यंत्रे भंगारात काढायची का?

‘पेलवेल का’ हा प्रश्न एकच वाटतो, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. यंत्राची क्षमता पुरेशी आहे का? त्याची रचना जुळते का? आणि त्या जोडीची पुढची देखभाल करायला कोणी तयार आहे का? पहिले दोन प्रश्न यंत्राला विचारायचे, तिसरा माणसांना. हे तिन्ही प्रश्न नवे नाहीत. आपल्या देशात, आणि विशेषतः मुंबईत, ते पूर्वीच येऊन गेले आहेत.

क्षमतेचा प्रश्न

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती २०४८ शब्दांची. प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आठ बिटांचा एक बाइट धरला, तर एक शब्द म्हणजे ५ बाइट आणि सगळी स्मृती मिळून १०,२४० बाइट झाली. एवढ्याशा जागेत शास्त्रज्ञांनी खरीखुरी संशोधनाची गणिते सोडवली.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याची स्मृती ३२,७६८ शब्दांची आणि शब्द ४८ बिटांचा, म्हणजे १,९६,६०८ बाइट. टिफ्रॅकच्या सुमारे १९ पट! टिफ्रॅकचा वापर १९६५ मध्ये संपला. तो मोडला म्हणून नव्हे. त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम त्याच्या आवाक्याबाहेर गेले होते.

ऑपरेटिंग सिस्टिमला स्मृती का लागते, हे येथे सहज समजते. ती यंत्रातली मुकादम आहे. कोणते काम आधी, कोणाला किती जागा, छपाई केव्हा, हे ती ठरवते. पण मुकादमालाही बसायला जागा लागते. दहा हजार बाइटांच्या खोलीत मुकादम बसवला, तर मजुरांना उभे राहायला जागा उरत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या यंत्रांवर आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिम नसे. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती लागते, म्हणजे सुमारे ४ लाख १९ हजार टिफ्रॅकांची!

रचनेचा प्रश्न

स्मृती वाढवली की प्रत्येक वेळी काम भागतेच असे नाही. आयबीएम कंपनीचे १४०१ हे यंत्र १९५९ मध्ये जाहीर झाले. त्यात शब्दाची लांबी ठरलेली नव्हती. शब्द कोठे संपतो याची खूण स्मृतीतच ठेवलेली असे. १९६४ मध्ये त्याच कंपनीने सिस्टिम/३६० ही नवी मालिका आणली. तिचा पाया आठ बिटांच्या बाइटवर होता आणि सूचनांची भाषाच वेगळी होती. त्यामुळे १४०१ ची स्मृती कितीही वाढवली असती, तरी ३६० साठी लिहिलेली प्रणाली त्यावर चालली नसती. उलट, ३६० मालिकेतल्या काही यंत्रांत १४०१ चे सोंग आणण्याची सोय होती. नवे यंत्र जुने काम करू शके. जुने यंत्र नवे काम करू शकत नसे.

हाच प्रकार पुढे घरगुती संगणकांतही घडला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ३८६ हा प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट स्मृती लागे. ३८६ वर स्मृती कमी पडली तर ती विकत घेऊन बसवता येई. पण त्याआधीच्या २८६ मध्ये ८ मेगाबाइट असले, तरी विंडोज ९५ चालत नसे, कारण ३२ बिटांचे काम करण्याची त्याची घडणच नव्हती. अगदी अलीकडचे उदाहरण विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीचे आहे. एखाद्या द्विमान संख्येत १ हा अंक किती वेळा आला आहे ते मोजणारी एक सूचना प्रोसेसरमध्ये असावीच लागते. १०११ दिले की उत्तर ३. कोअर २ ड्युओ या जुन्या प्रोसेसरमध्ये ही सूचना नाही. म्हणून ती आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही.

देखभालीचा प्रश्न

साठच्या दशकात पाश्चात्त्य देश ३६० कडे वळले. तेव्हा तेथे वापरून झालेली १४०१ यंत्रे आयबीएमने भारतात आणली, दुरुस्त केली आणि येथील कंपन्यांना व कार्यालयांना भाड्याने दिली. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. मात्र या यंत्रांनी येथे वर्षानुवर्षे पगारपत्रके आणि हिशोब केले, हेही खरे.

मग १९७८ साल उजाडले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतातील कंपनीतला परदेशी वाटा कमी करणे भाग होते. आयबीएमने ते नाकारले आणि ती भारतातून निघून गेली. येथे उरलेल्या तिच्या यंत्रांमागे आता त्यांचा निर्माता उभा नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे, तर त्यांचा ‘सपोर्ट’ संपला. ती यंत्रे भंगारात गेली का? नाही. त्यांच्या देखभालीचे काम सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, अंगावर घेतले आणि ती चालत राहिली.

शाळेतल्या लॅपटॉपकडे पाहताना हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. निर्माता निघून गेल्याने यंत्राचे आयुष्य संपत नाही. ते संपते, ते दुसरे कोणी देखभालीला पुढे आले नाही तर.

आजचा लॅपटॉप

विंडोज ९५ ते व्हिस्टा, म्हणजे १९९५ ते २००७, या काळात किमान स्मृतीची अट ४ मेगाबाइटवरून ५१२ मेगाबाइटवर, म्हणजे १२८ पटींवर गेली. तेव्हा नव्या प्रणालीपुढे जुने यंत्र खरोखरच धापा टाकत असे. पुढे चित्र बदलले. २००९ मधील विंडोज ७ आणि २०१५ मधील विंडोज १० यांची किमान अट सारखीच होती : ३२ बिटांच्या आवृत्तीला १ गिगाबाइट आणि ६४ बिटांच्या आवृत्तीला २ गिगाबाइट.

२०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने स्मृतीची अट वाढवली, पण बहुतेक लॅपटॉप अडतात ते दुसरीकडेच. एक अट टीपीएम २.० ची आहे. गुप्त किल्ल्या जपणारी आणि संगणक सुरू होताना कोणी ढवळाढवळ केली आहे का हे तपासायला मदत करणारी ही सोय आहे. तिचा सुरक्षेला खरा उपयोग होतो. दुसरी अट मान्य प्रोसेसरांच्या यादीची. इंटेलचे बहुतांश आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्या यादीत आहेत. ८ गिगाबाइट स्मृती आणि टीपीएम २.० असलेला सातव्या पिढीचा लॅपटॉपही बहुधा नापास ठरतो. अटी टाळून बसवलेले विंडोज ११ अशा यंत्रांवर चालते, हे अनेकांनी करून पाहिले आहे. पण त्याच्या पुढच्या सुधारणांची हमी कंपनी देत नाही. म्हणजे येथे अडसर यंत्राच्या ताकदीचा नाही, हमीचा आहे.

ही हमी क्षुल्लक मात्र नाही. प्रणालीत नवी छिद्रे सापडतच राहतात आणि ती बुजवणारा कोणी नसेल, तर इंटरनेटला जोडलेले यंत्र उघड्या दारासारखे असते. विंडोज एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपली होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवी प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही खास दुरुस्ती दिली. यावरून दोन गोष्टी समजतात. धोका खरा असतो आणि देखभाल थांबवणे हा निसर्गनियम नसून निर्णय असतो. विंडोज १० साठीही वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना आहे : घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि संस्थांना शुल्क भरून जास्तीत जास्त तीन वर्षे.

मग आज सीएमसीच्या जागी कोण? एक उत्तर लिनक्स हे आहे. जगभरातले प्रोग्रामर मिळून त्याची देखभाल करतात. जुन्या यंत्रांना तेही कधीतरी सोडून देते, पण पुष्कळ उशिरा. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरला लिनक्सने निरोप दिला तो २०१३ मध्ये. जोगेश्वरीच्या शिक्षकांना याचे शिक्षण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर आधी सीप्झ लागते. तेथे आणि एकूणच मुंबईत सॉफ्टवेअर निर्यातीच्या सुरुवातीच्या काळात एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेल असा फिरवून देणे हे मोठे काम होते. त्याच रस्त्याने पुढे पवईला आयआयटी आहे. तेथील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिस यांचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात.

बदल करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. शाळेचा एखादा आवश्यक प्रोग्राम किंवा प्रिंटर केवळ विंडोजवरच चालतो का? प्रयोगशाळांत हे नेहमी दिसते. एखाद्या महागड्या उपकरणाला जोडलेला जुना संगणक केवळ त्या उपकरणाचा ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी नाही, म्हणून जपून ठेवलेला असतो. अशा यंत्राला इंटरनेट न जोडणे हा साधा आणि चांगला उपाय. दुसरी गोष्ट मराठीची. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतील. त्या आधी युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात.

हा सगळा विषय वर्गात एका तासाचा चांगला प्रकल्प होऊ शकतो. विद्यार्थ्यांनी प्रत्येक यंत्राचा प्रोसेसर, त्याचे साल, स्मृती आणि टीपीएम आहे की नाही याची नोंद करावी. समोर तीन रकाने आखावेत : क्षमता, रचना, देखभाल. कोणते यंत्र कोणत्या रकान्यात अडते, ते लिहावे. पहिल्या रकान्यात अडलेल्याला स्मृती वाढवून किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून जीवदान मिळू शकते. दुसऱ्यात अडलेल्याला ती नवी प्रणाली कधीच चालणार नाही; त्याला दुसरी प्रणाली द्यावी किंवा इंटरनेटविना वापरावे. तिसऱ्यात अडलेले यंत्र म्हातारे झालेलेच नसते. त्याला फक्त नवा सांभाळणारा हवा असतो आणि तो शोधण्याआधी ते भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये.