‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : कळफलकावरील एका अक्षराचा इतिहास

आजच्या मोबाइलवर हसऱ्या चेहऱ्यांसाठी स्वतंत्र कळ असते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ कसा उमटवावा, हे मात्र आपल्याला अजूनही एकमेकांना विचारावे लागते. प्रश्न केवळ सोयीचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. ‘आचार्यांना’ वंदन करायचे आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगायचा. एका चिन्हाने अर्थ पालटतो, तेव्हा त्या चिन्हाची कळ हा भाषेचाच प्रश्न होतो.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा समान कळफलक प्रमाणित केला. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये, कानपूरच्या आयआयटीत उगम पावलेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे वाढले. १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक ठरली. या कळफलकावर शिफ्टसह ७ दाबले की ‘क्ष’, ५ दाबले की ‘ज्ञ’ उमटतो. आपल्या अर्ध्या ‘र’ला अशी एका दाबाची जागा लाभली नाही. द्राविडी भाषांतील कठोर ‘र’ लिहिण्यासाठी ठेवलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्यास हलन्त जोडायचा, मग ‘य’ लिहायचा, अशी ती उसनवारी आहे.

पुढे युनिकोडने हा मार्ग राखला आणि दुसराही मान्य केला : साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. मराठी संकेतस्थळांवरील जुन्या लेखनात हा दुसरा प्रकार सर्रास आढळतो. ‘ॲ’चेही तसेच. २००८ साली युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने त्याला मराठी वर्णमालेत घेतले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र चढवून लिहिलेले असंख्य शब्द मात्र तसेच राहिले.

डोळ्यांना ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती भिन्न आहेत. एखाद्या कादंबरीच्या संगणकीय संहितेत आपण ‘दऱ्या’ शोधतो, तेव्हा दुसऱ्या रीतीने टंकलेल्या दऱ्या हाती न लागण्याचा संभव असतो आणि त्या निसटल्याचे कळतही नाही. अशा शोधावर आधारलेली शब्दगणना प्रबंधात गेली, की चूक पुरावा बनते.

म्हणून पाठभेद नोंदवण्याइतक्याच काळजीने आपण टंकनाची रीतही नोंदवली पाहिजे. ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ यांसाठी एकच रूप ठरवावे, तेच आपल्या कळफलकावर बसवावे आणि जुनी संहिता तपासताना दोन्ही रूपे शोधावीत. शुद्धलेखनाचा हा धडा पूर्वसूरींना द्यावा लागला नव्हता. आपल्याला तो द्यावा लागेल.