पाव आणि पंक्ती

माळीवाडा बसस्थानकाच्या परिसरात वडापावच्या गाडीभोवती जो घोळका उभा असतो, त्यात कोण कुणाला खेटून उभे आहे याची चौकशी कुणी करीत नाही. चिरलेला पाव, आत बटाटेवडा, लसणाची कोरडी चटणी, सोबत मिठात घोळलेली तळलेली मिरची. उभ्याउभ्याच संपणाऱ्या या खाण्यात आपल्याला आज नवल वाटत नाही. वर्गात एकोणिसाव्या शतकातील आत्मचरित्रे शिकविताना मात्र आम्हांला वारंवार या गाडीची आठवण होते. कारण तेव्हा याच पावाने माणसाची जात जात असे.

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पायांनी पीठ तुडवितात म्हणून पाव, ही लोकव्युत्पत्ती चुकीची आहे. तिच्यामागची किळस मात्र खरी होती. गोव्यात पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत, आणि भट्टी ख्रिस्ती पोदेराची असे. म्हणजे सोवळ्याच्या दृष्टीने दुहेरी विटाळ. विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा त्यातूनच रुजल्या.

ही भीती ज्यांना मोडायची होती, त्यांनी पावच हाती घेतला. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे हा सभासदत्वाच्या दीक्षेचा भाग होता. सभा गुप्त होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले. त्यामुळे हा प्रश्न येथे घराघरांत शिरला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला; लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या वर्षांची ‘स्मृतिचित्रे’तील हकिकत आमच्या मते धर्मतत्त्वांपेक्षा चुलीची आणि पाण्याच्या भांड्याची अधिक आहे. पतीकडे परतल्यावरही वेगळा स्वयंपाक करणाऱ्या लक्ष्मीबाई पुढे सहभोजनापर्यंत येतात, तेव्हा एका व्यक्तीबरोबर एक सबंध आचारधर्म हलतो.

यानंतर पावाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. बटाटेवडा त्यात १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर शिरला असे सांगतात. गिरणगावाला तो स्वस्त आणि झटपट खाण्यासारखा म्हणून सोयीचा ठरला. आणि मग ज्या त्या प्रदेशाने पावाला आपले वळण दिले. नाशिककडे ‘उलटा वडापाव’ मिळतो. तेथे भाजी भरलेला पावच बेसनात बुडवून तळतात. कोल्हापूरकर वडा आणि मिसळ पावाच्या लादीऐवजी स्लाइस ब्रेडशी खातात. कच्छच्या मांडवीतून आलेल्या दाबेलीत गोडसर बटाट्याबरोबर शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे असतात. गोव्यातला चोरीस-पाव, म्हणजे पावात डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, हा तर हॉट डॉगचा सख्खा चुलतभाऊच म्हणावा लागेल. जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत नेलेल्या सॉसेजलाही अशीच गावोगावची रूपे मिळाली. शिकागोत त्यावर मोहरी, कांदा, टोमॅटोच्या फोडी, लोणच्याची काकडी घालतात, पण केचप घालणे तेथे गैर समजले जाते. तिथल्या हट्टाचा विषय चव हा असतो, विटाळ नव्हे. आपल्याकडे मात्र या वैविध्याच्या आधी विटाळाची एक भिंत पडावी लागली.

ती पूर्ण पडली का, हाच खरा प्रश्न आहे. आमच्याच जिल्ह्यात २०१३ साली सोनई येथे आणि २०१४ साली खर्डा येथे दलित तरुणांच्या हत्या झाल्या. दोन्ही घटनांना आंतरजातीय प्रेमसंबंधाचा संदर्भ होता. बसस्थानकावर शेजारी उभे राहून वडापाव खाणारे हात घरी गेल्यावर कुठली पंगत मांडतात, हे गाडीवर दिसत नाही. रोटीव्यवहार सैल झाला, बेटीव्यवहार तसाच राहिला, असे समाजशास्त्राच्या भाषेत म्हणता येईल.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना, एका पावाने माणूस बाटतो तरी कसा, असे हसून विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही थांबवीत नाही. त्याचे हसू ही परमहंस सभेच्या गुप्त दीक्षेची मिळकत आहे. केवळ त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवतो, की त्याने आपल्या घरचे पाण्याचे भांडेही एकदा पाहावे.