दिलरस : ‘बीबी’च्या मागे राहिलेलं नाव

माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा सातव्या दिवशी अकीका ठरला आणि घरात नावाची शोधाशोध सुरू झाली. मोबाईलवरच्या याद्या फिरू लागल्या. सगळ्या याद्यांत तीच दहा-पंधरा नावं. आमच्याच गल्लीत झोया तीन, आयशा चार. भाची म्हणाली, “खाला, तुम्ही एवढं वाचता. एखादं वेगळं नाव सांगा ना.”

मी म्हणाले, “दिलरस.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्या फुफीने पानाचा डबा मिटत विचारलं, “नाम रखरे क्या शरबत बनारे?” सगळे हसले. मीही हसले, कारण मराठी कानाला ‘रस’ म्हटलं की आंब्याचा, उसाचा किंवा फार तर काव्यातला रस आठवणार.

पण हा रस तो नव्हे. हे नाव फारसी आहे. फारसीत ‘रसीदन’ म्हणजे पोचणं. शब्दाच्या शेवटी ‘रस’ लागला की त्याचा अर्थ ‘पोचणारा’ होतो. जसं ‘फर्यादरस’, म्हणजे फिर्यादीपर्यंत पोचणारा, गाऱ्हाणं ऐकणारा. त्यामुळे दिलरस म्हणजे दिलापर्यंत, काळजापर्यंत पोचणारी.

या धातूचे नातेवाईक आपल्या बोलण्यात आहेतच. आपण ‘रसीद’ म्हणतो. तिचा मूळ अर्थ ‘पोचलं’ एवढाच. फौजेला पोचवायची ती ‘रसद’. गंमत म्हणजे रसीदीला आपला शब्द आहे ‘पावती’, आणि तोही पोचण्याच्या अर्थाच्या ‘पावणे’वरूनच आला. दिलरसला तर मराठीत हुबेहूब जोड आहे. ‘हृदयंगम’ म्हणजे हृदयापर्यंत जाणारं. गाणं हृदयंगम असतं तशी मुलगी दिलरस असते. दोन भाषांनी एकच कल्पना आपापल्या मातीत घडवली.

फुफीला हे पटलं. मग तिने पुढचा प्रश्न केला, “पर ये थी कौन?”

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळेच्या सहलीत, पांढऱ्या घुमटासमोर रांगेत उभं राहून आपण फोटो काढलेत. बीबी का मकबरा. ती ‘बीबी’ म्हणजे दिलरस बानू बेगम.

तिचे वडील शहानवाज खान इराणवर राज्य करणाऱ्या सफवी घराण्यातले होते. १६३७ साली शहजादा औरंगजेबाशी तिचं लग्न झालं. तेव्हा तो दख्खनचा सुभेदार होता. थोरली मुलगी झेबुन्निसा १६३८ साली दौलताबादला जन्मली. पुढे झीनतुन्निसा आणि झुब्दतुन्निसा या मुली आणि मुलगा आझम झाला. पाचवं मूल, मुलगा अकबर, सप्टेंबर १६५७ मध्ये औरंगाबादेत जन्मलं. त्यानंतर जेमतेम महिनाभरात, ऑक्टोबरमध्ये, दिलरस गेली. बाळंतपणातून ती उठलीच नाही.

तिची सासूही अशीच गेली होती. सव्वीस वर्षांपूर्वी, १६३१ साली, बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कबरीपैकी एक सासूची आहे आणि तिच्या धाकट्या बहिणीसारखी दिसणारी दुसरी सुनेची. या दोन्ही इमारतींकडे आपण प्रेमाची किंवा वैभवाची खूण म्हणून बघतो. त्या बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या कबरी आहेत, हे मात्र क्वचितच मनात येतं.

दिलरसचा मकबरा १६६०-६१च्या सुमारास पुरा झाला. ‘तारीखनामा’त त्याचा खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे नोंदला आहे. सात आण्यांचाही हिशेब राहिला. अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता, दोघांची नावं प्रवेशाच्या दरवाजावर कोरली गेली. एक मुसलमान, एक हिंदू, दोघांची नावं आज वाचता येतात. जिच्यासाठी हे सारं उभं राहिलं तिला आपण नुसतं ‘बीबी’ म्हणतो. बीबी हे काही नाव नव्हे, ते संबोधन आहे. घरातल्या कुठल्याही मानाच्या बाईला बीबी म्हणत.

मधे आणखी एक पदर आहे. मृत्यूनंतर तिला ‘राबिया-उद्-दौरानी’ असा किताब मिळाला. म्हणजे ‘या काळाची राबिया’. मूळची राबिया म्हणजे आठव्या शतकातली बसऱ्याची सूफी संत राबिया. ‘राबिया’ शब्दाचा अर्थ ‘चौथी’. ती घरातली चौथी मुलगी, म्हणून हे नाव, अशी आख्यायिका आहे. मान मोठाच आहे. पण एका बाईचं नाव झाकायला दुसऱ्या बाईचं नाव वापरलं गेलं, आणि त्यावर पुन्हा ‘बीबी’ची चादर पडली.

मोगल जनानखान्यात हे नेहमीचंच होतं. नूरजहाँ हा किताब, तिचं नाव मेहरुन्निसा. मुमताज महल हा किताब, तिचं नाव अर्जुमंद बानू. औरंगजेबाच्या एका बेगमेला तर ‘औरंगाबादी महल’ म्हणत. इतिहासात ती तिच्या शहराच्या नावाने उरली. आणि आपण आपल्या मुलींना काय नावं ठेवली? मुमताज, नूरजहाँ, राबिया. सगळे किताब. मेहरुन्निसा आजीच्या पिढीत तरी सापडते. अर्जुमंद क्वचित. दिलरस नावाची बाई मला आजवर एकही भेटलेली नाही. याच ‘दिल’च्या घरातली दिलशाद आणि दिलनवाज मात्र मोहल्ल्या-मोहल्ल्यात आहेत.

हे सगळं सांगून झाल्यावर फुफी म्हणाली, “पण बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव लेकराला नको गं.” तिची स्वतःची थोरली बहीण अशीच गेली होती. त्या बहिणीचं नाव घरात कुणी पुन्हा ठेवलं नाही, उच्चारलंही नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही.

मग जावई बोलला. अदबीने, खाली बघून. “खाला, अर्थ सुंदर आहे. पण उद्या शाळेत कुणी विचारलं, हे कुणाचं नाव, तर पोरीने काय सांगायचं? औरंगजेबाच्या बायकोचं?”

या वेळी कुणी हसलं नाही. आजच्या दिवसांत हे नाव घेतलं की पुढे काय होतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीचं औरंगाबाद झालं आणि २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. शहरांची नावं राज्यकर्ते ठेवतात, बदलतात. सात दिवसांच्या मुलीने त्या भांडणाचं ओझं का घ्यावं, हा बापाचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही.

तरी मी त्याला एक गोष्ट सांगितली. ज्या बाळाला जन्म देऊन दिलरस गेली, तो शहजादा अकबर. १६८१ साली त्याने बापाविरुद्ध बंड केलं. बंड फसलं, तेव्हा दुर्गादास राठोडच्या सोबतीने तो दक्षिणेत आला आणि त्याने आसरा मागितला तो छत्रपती संभाजी महाराजांकडे. महाराजांनी तो दिला. सुधागडाच्या पायथ्याशी, पालीच्या परिसरात तो राहिला. औरंगजेब एवढी फौज घेऊन दख्खनेत उतरला त्यामागे या मुलाचा पाठलाग हेही एक कारण होतं. काही वर्षांनी अकबर समुद्रमार्गे इराणला गेला. आईच्या पूर्वजांच्या मुलखात, आणि तिथेच वारला. थोरली बहीण झेबुन्निसा या भावाशी पत्रव्यवहार करत होती. ती पत्रं सापडली आणि तिची आयुष्याची शेवटची सुमारे वीस वर्षं दिल्लीच्या सलीमगडावर नजरकैदेत गेली. ती कविता करायची. परंपरा सांगते की तिचं टोपणनाव ‘मख्फी’ होतं. मख्फी म्हणजे दडलेली.

म्हणजे ज्या शहरात दिलरसची कबर आहे त्या शहराला आज ज्यांचं नाव आहे, त्यांनीच तिच्या मुलाला आसरा दिला होता. हे काही सलोख्याचं गोड चित्र नाही. ते राजकारण होतं आणि दोन्ही बाजूंना त्याची गरज होती. पण ‘औरंगजेबाची बायको’ एवढ्याच ओळखीत ही बाई मावत नाही. तिचा मुलगा बापाविरुद्ध उभा राहिला, मुलीने त्यापायी कैद भोगली, आणि या साऱ्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीच ती मातीआड गेलेली होती. कुणाच्याही कृत्याचा जाब तिच्या नावाने का द्यावा?

जावयाने सगळं ऐकून घेतलं. अकीका झाला, बकरा कापला, मुलीचं जावळ काढलं आणि नाव दुसरंच ठेवलं. छान नाव आहे. मी तिला त्याच नावाने हाक मारते.

पण फुफीने जाता जाता मला थांबवलं आणि हळूच आपल्या त्या बहिणीचं नाव सांगितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

पुढच्या वेळी मकबऱ्यावर गेलात तर आत कबरीपाशी जरा थांबा आणि मनात तरी तिचं खरं नाव घ्या. आणि तुमच्या घरात, नात्यात कुणी दिलरस असेल, हयात किंवा कबरस्तानात, तर मला जरूर कळवा.