ढाल-तलवार एकाच कुळातली

अमेरिकन फुटबॉलमध्ये चपळ क्वार्टरबॅक लाभला की प्रशिक्षकापुढे पेच उभा राहतो. त्याला पळवावे, तर धडका त्याच्या अंगावर येतात. पॉकेटमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांच्या कड्यात उभे ठेवावे, तर त्याचे पाय वाया जातात. आक्रमणाची आखणी आणि खेळाडूची सुरक्षितता यांचे जमतच नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. पण हा वाद ज्या डावावरून सर्वाधिक रंगतो, त्या ‘झोन-रीड’चे कूळ शोधले तर हे गृहीतक टिकत नाही.

या डावाचे एक घराणे ऑप्शनचे. १९४१मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या प्रशिक्षक डॉन फरो यांनी बास्केटबॉलमधली युक्ती मैदानावर आणली. दोघे मिळून एका बचावपटूवर चाल करून गेले, की तो ज्याच्याकडे वळेल त्याला सोडून दुसऱ्याने पुढे जायचे. फरोंनी कडेच्या बचावपटूला मोकळे सोडले आणि त्याच्या हालचालीवरून चेंडू ठेवायचा की फेकायचा, हे क्वार्टरबॅकवर सोपवले. एक माणूस न अडवताच निकामी होऊ लागला. किंमत मात्र क्वार्टरबॅकच्या शरीराने मोजली, कारण त्याला त्या बचावपटूच्या तोंडाशीच धावावे लागे. दुसरे घराणे शॉटगनचे, आणि ते संरक्षणातूनच जन्मले. १९६०मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सच्या धडाक्यापुढे वेळ मिळावा म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक रेड हिकी यांनी क्वार्टरबॅकला चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे उभे केले. पुढच्याच हंगामात शिकागो बेअर्सनी ही रचना ३१-० अशी मोडून काढली. १९७५मध्ये डॅलसच्या टॉम लँड्री यांनी तिला पुन्हा जीवदान दिले.

या दोन घराण्यांची सोयरीक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात जुळली. तिथे चेंडू धावपटूच्या हातात देताना गफलत झाली. कडेचा बचावपटू आत धावलेला पाहून क्वार्टरबॅक जेड ड्रेनिंग चेंडू घेऊन बाहेरून पळाला. असे का केलेस, हे प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांनी विचारले आणि त्या उत्तरातून झोन-रीड घडवला. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या पोटाशी धरतो, नजर कडेच्या माणसावर ठेवतो. तो माणूस आत वळला की क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो, थांबला की सोडून देतो. शॉटगनमुळे हा निर्णय गर्दीपासून दूर होतो आणि समोर मोकळी बाजू असते. म्हणजे तलवार ऑप्शनची, ढाल शॉटगनची.

मग रॉबर्ट ग्रिफिन या पळणाऱ्या क्वार्टरबॅकचे काय, असा आक्षेप येतो. डिसेंबर २०१२मध्ये त्याचा गुडघा दुखावला तो पासचा डाव फसल्यावर वाट काढताना. आखलेल्या धावेत नव्हे. जानेवारीच्या बाद फेरीतल्या सामन्यात तोच गुडघा पुन्हा दुखावला, तरी तो खेळत राहिला आणि सेंटरकडून भरकटत आलेल्या चेंडूमागे जाताना कोसळला. अशाच चपळ लमार जॅक्सनचा २०२१चा घोटा पास फेकल्यानंतर गेला, २०२२चा गुडघा पॉकेटमध्ये. टॉम ब्रेडी तर पळणारा नव्हताच; २००८मध्ये पहिल्याच सामन्यात पॉकेटमध्ये उभा असताना त्याचा गुडघा गेला.

चार-दोन दुखापतींवरून नियम काढू नये, हे मान्य. प्रत्येक धाव ही धडकेची एक जादा शक्यता असते, हेही खरे. शिवाय २०१३मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पंचप्रमुखांनी स्पष्ट केले की, झोन-रीडसारख्या रीड-ऑप्शन डावांमध्ये पळण्याचा आव आणणाऱ्या क्वार्टरबॅकला, चेंडू देऊन टाकला असला तरी, धावपटूसारखेच अडवता येईल. त्यामुळे हा डाव दर वेळी वापरणे शहाणपणाचे नाही. पण यातून प्रमाण ठरवायचे, बंदी घालायची नाही. आखलेल्या धावेत क्वार्टरबॅकला बाहेरची रेषा कुठे आहे आणि घसरून कधी बसायचे हे ठाऊक असते. फसलेल्या पासात धडक कुठून येईल ते ठाऊक नसते. जॅक्सन २०१९मध्ये १,२०६ यार्ड धावून सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३मध्ये नव्या आक्रमण-प्रशिक्षकाच्या हाताखाली तो ८२१ यार्ड धावला, सोळा सामने खेळला आणि पुन्हा तोच मान त्याला मिळाला. त्याचे धावणे कमी झाले, थांबले नाही. धावणाऱ्याचे पाय बांधून त्याचे रक्षण होत नाही. धाव आखून द्यावी, तिची मात्रा ठरवावी आणि गुडघा दुखावल्यावर सामना कितीही मोठा असो, त्याला बाहेर बसवण्याची हिंमत प्रशिक्षकाने दाखवावी.